शक्तीच्या औषधांची बेरीज

धाराशिव जिल्ह्यात शक्तीचे औषध शोधायला लांब जावे लागत नाही. बांधावरच्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली असते, बालाघाटाच्या उतारांवरच्या झुडपांत शतावरी सापडते आणि जे रानात मिळत नाही ते काष्ठौषधीच्या दुकानात पुडी बांधून मिळते: आस्कंद, ज्येष्ठमध, पिंपळी, सफेद मुसळी, गोखरू. त्यात आता मेडिकलमधल्या बाटल्यांची आणि डब्यांची भर पडली आहे. च्यवनप्राश, आस्कंदाच्या गोळ्या, शतावरी कल्प, गुळवेलीचा रस. एकाच घरात, कधी एकाच माणसाला, यांतली तीन-चार औषधे एका वेळी चालू असणे आज नवलाचे राहिलेले नाही. प्रत्येकाबद्दल कोणीतरी चांगलेच सांगितलेले असते आणि चार चांगल्या वस्तू एकत्र घेतल्या तर वाईट काय होणार, असा सरळ हिशेब असतो. या प्रकरणात हाच हिशेब तपासायचा आहे. माझे म्हणणे असे की एकेका वनस्पतीच्या दोषाइतकाच धोका न मोजलेल्या बेरजेत असतो, आणि मिश्रण सुरक्षित व्हायचे तर कोणते घटक, किती, किती दिवस आणि कोणाला, हा सगळा हिशेब एका जाणकार माणसाच्या हाती असावा लागतो. आयुर्वेद हे सांगतो, चिनी वैद्यकही हेच सांगते. आपण दोन्हींकडून वनस्पती घेतल्या आणि हिशेब मागे ठेवला.

हा हिशेब आपल्या घरांत कसा होता हे पाहायचे तर बाळगुटीची सहाण पाहावी. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि हरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, ज्येष्ठमध, आस्कंद, खारीक, बदाम अशी एकेक वस्तू उगाळायची. माप वेढ्यांचे. खारीक-बदामाचे वेढे सढळ हाताने, जायफळाचा मात्र एखादाच, कारण जायफळाने गुंगी येते हे घरातल्या बाईला ठाऊक असते. बाळाला शी घट्ट होत असेल तर हरड्याचे वेढे वाढतात. पातळ होत असेल तर हरडा बाजूला राहतो आणि मुरुडशेंग पुढे येते. म्हणजे औषध मिश्र असले तरी त्यातला प्रत्येक घटक वेगळा, रोज बदलता येणारा आणि डोळ्यांसमोरचा. तयार बाळगुटीच्या भुकटीत नेमके हेच हरवते. डबीत सगळे आधीच एकजीव झालेले असते, जायफळ कमी करायचे म्हटले तर सगळेच कमी करावे लागते. ही पद्धत मला मोलाची वाटते, पण म्हणून बाळाला गुटी द्यावी असे मी सुचवत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला भक्कम पुराव्यावर उभा आहे. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यावरून शंका आल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंडाला खाद्यपदार्थांत मनाई केली, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. घ्यायची ती मोजून आणि वेगवेगळे देण्याची रीत.

शास्त्रग्रंथांत ही रीत अधिक काटेकोरपणे मांडलेली आहे. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत संयोग हा एक, तर मात्रा हा दुसरा. मध आणि तूप सममात्रेत घेऊ नये हे मात्राविरुद्धाचे प्रसिद्ध उदाहरण. त्यामागचे कारण आजच्या प्रयोगशाळेत टिकेल की नाही हा निराळा प्रश्न. पण दोन निर्दोष वस्तूंचा दोष केवळ प्रमाणातून निर्माण होऊ शकतो, ही कल्पना तिथे स्पष्ट आहे. विमानस्थानात चरक पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत असे बजावतो. पिंपळी हे तर नावाजलेले रसायन. तरीही तिला या यादीत बसवताना तो कचरत नाही. चिनी परंपरेतही अठरा हाच आकडा यावा हा योगायोग. परस्परविरोधी औषधांची तिथली 'अठरा विरोधां'ची यादी जांग त्सोंगजंग या वैद्याच्या ग्रंथात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास, पद्यात बांधलेली आढळते. ज्येष्ठमध काही तीव्र रेचकांबरोबर देऊ नये, बचनागाच्या जातीच्या मुळ्या अमुक कंदांबरोबर देऊ नयेत, जिन्सेंग एका विशिष्ट विषारी मुळीबरोबर देऊ नये, असे तिचे स्वरूप आहे. ही यादी बिनचूक आहे असे नव्हे. यातल्या काही जोड्या प्रयोगांत निरुपद्रवी ठरल्या आहेत, आणि ज्येष्ठमध व गान्सुई हे तीव्र रेचक या निषिद्ध जोडीचा काढा तर या यादीहून हजारेक वर्षे जुन्या चिनी ग्रंथात सापडतो. तरीही चीनच्या अधिकृत औषधकोशात या सूचना आजही छापल्या जातात. शेकडो द्रव्ये हाताळणाऱ्या परंपरेला केव्हातरी मनाईची यादी करावीशी वाटते, कारण जोडण्यातून बिघडलेले तिने पाहिलेले असते.

बलवर्धकांच्या बाबतीत दोन्ही परंपरा आणखी एक अट घालतात. ती आज सर्वांत जास्त मोडली जाते. शरीर शुद्ध झाल्याशिवाय रसायन देऊ नये, असे आयुर्वेदाचे सांगणे आहे. मळक्या कापडावर रंग चढत नाही, हा दाखला ग्रंथकारांनीच दिला आहे. भूक मंद, अंगात ताप, पोट जड अशा अवस्थेत पौष्टिक औषध पचत नाही आणि आजार लांबवते. चिनी वैद्यही ताजा सर्दी-ताप अंगात असताना जिन्सेंगसारखी पुष्टिकारक द्रव्ये टाळतात. चरकाने रसायनाचे दोन मार्ग सांगितले: एक कुटीत राहून घेण्याचा, ज्याला सवड, सेवक आणि पैसा हवा; दुसरा वाऱ्या-उन्हात कामे करणाऱ्यांसाठी, वातातपिक. भूम, वाशी, कळंब भागांतून ऊसतोडीला जाणारी माणसे या दुसऱ्या वर्गातली. पथ्य, विश्रांती आणि वैद्याची नजर यांतले काहीच ज्यांच्या वाट्याला येत नाही अशा माणसांनाच अंगदुखीच्या गोळीबरोबर 'ताकदीची' पुडी दिली जाते. त्यांच्या थकव्याचे मूळ कधी रक्तक्षयात असते, कधी मधुमेहात, कधी क्षयात. त्या थकव्यावर टॉनिक म्हणजे तपासणी पुढे ढकलणे.

आता बेरीज प्रत्यक्षात कशी चुकते ते ज्येष्ठमधावरून पाहू. हे मूळ गोड, घशाला आराम देणारे आणि इतके सौम्य समजले जाते की चिनी काढ्यांत ते बहुधा सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य आहे. जिन्सेंगसह चार द्रव्यांच्या त्यांच्या प्रसिद्ध 'चार सज्जनां'च्या काढ्यातही चौथे ज्येष्ठमधच. त्यातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवते. त्यामुळे कॉर्टिसोल हे संप्रेरक तिथे अल्डोस्टेरोनसारखे वागू लागते: मीठ-पाणी अंगात साठते, पोटॅशियम लघवीतून निघून जाते, रक्तदाब चढतो, पायांना गोळे येतात आणि फार झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. युरोपीय अन्नतज्ज्ञांनी ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरली आहे. मुळीत ५ टक्के ग्लिसिरायझिन धरले तर ही मर्यादा २ ग्रॅम भुकटीत, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, गाठली जाते. समजा कोणी सकाळी ज्येष्ठमध घातलेला काढा घेतो, दुपारी खोकल्याचे आयुर्वेदिक सिरप, संध्याकाळी आम्लपित्ताचे चूर्ण आणि दिवसभर घशासाठी कांडी चघळतो. चारही औषधांवरची मात्रा आपापल्या जागी बरोबर आहे. बेरीज मात्र कोणीच केलेली नाही. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्ही वाटांनी जाते, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकते. जपानमध्ये पारंपरिक काढ्यांची औषधे डॉक्टरही लिहून देतात. एकाहून अधिक काढे देताना ज्येष्ठमधाची एकूण मात्रा मोजण्याची सूचना तिथे औषधाच्या माहितीपत्रकात असते.

मिश्रणाने औषध बळावते, हा परंपरेचा दावा खोटा नाही. उलट तो खरा आहे म्हणूनच जपायला हवे. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूचा आयुर्वेदिक कल्पांत सर्रास वापर का होतो, याचा माग जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी काढला आणि १९७९ च्या सुमारास मिरी-पिंपळीतले पायपेरिन इतर औषधे शरीरात अधिक शोषली जाण्यास मदत करते हे पुढे आले. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की हळदीतल्या कर्क्युमिनच्या २ ग्रॅमबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यास माणसाच्या रक्तात कर्क्युमिनचे शोषण २००० टक्क्यांनी वाढते. याच गुणावर क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करणारी गोळी भारतात २००९ मध्ये मान्य झाली. पण पायपेरिन चांगल्या औषधाची निवड करत नाही. फेफऱ्याचे फेनिटॉइन, दम्याचे थिओफायलिन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल यांचीही रक्तातली पातळी ते वाढवते. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जाहीर केलेल्या आयुष क्वाथात तुळस ४, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ असे प्रमाण होते आणि मात्रा ३ ग्रॅमची. प्रमाण ठरवून दिले हे चांगलेच झाले. घराघरांत मात्र त्यात गुळवेल आली, ज्येष्ठमध आले, लवंग आली, हळद आली आणि प्रमाण हाताच्या अंदाजावर गेले.

त्याच काळात गुळवेलीचे प्रकरण घडले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना काविळीचे सहा रुग्ण असे भेटले की ज्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा दिसल्या. २०२१ मध्ये हा अहवाल छापून आला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेले नाही. हा आक्षेप पहिल्या अहवालाबाबत वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. पण तो मान्य केला तरी घरातल्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. बांधावरून तोडलेली किंवा पुडीत बांधून आलेली वेल कोणती, हे तो कसा ओळखणार? चुकीच्या वनस्पतीने काय होते याचे सर्वांत दुःखद उदाहरण ब्रुसेल्सचे. तिथल्या वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी औषधांच्या मिश्रणात एका मुळीऐवजी सारख्या नावाची दुसरी, अरिस्टोलोकिया कुळातली मुळी आली. १९९३ मध्ये हा प्रकार उघड झाला. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे खराब झाली, आणि पुढे मूत्रपिंडे काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला.

"हजारो वर्षे लोक हे घेत आले, काही झाले असते तर कळले नसते का?" हा प्रश्न खुसपट काढण्यासाठी कोणी विचारत नाही, तो मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. लगेच आणि उघड दिसणारा अपाय लोकांना खरोखरच कळतो. बिब्बा हे त्याचे उत्तम उदाहरण. चरकाने भल्लातक रसायन सांगितले आहे, आणि मराठवाड्यात बिब्बा घरोघरी माहीत आहे. पण तो उततो, अंगावर फोड येतात, हे सर्वांनी पाहिलेले असल्याने त्याला कोणी चमचाभर खात नाही. दीड महिन्यानंतर येणारी कावीळ, वर्षांनी निकामी होणारे मूत्रपिंड, दहा हजारांत एखाद्याला होणारा अपाय, हे मात्र अनुभवाच्या डोळ्याला दिसत नाही. अरिस्टोलोकियाच्या वनस्पती ग्रीकांपासून चिन्यांपर्यंत शतकानुशतके वापरल्या गेल्या, आपल्याकडची ईश्वरीही त्याच कुळातली, आणि त्यांचा मूत्रपिंडावरचा परिणाम कळायला विसावे शतक संपत यावे लागले. शिवाय परंपरेतला वापर आणि आजचा वापर एकच नाही. पूर्वी आस्कंद म्हणजे दुधात शिजवलेले मूळ, तेही काही आठवडे. आज त्याचा सांद्र अर्क गोळीत भरलेला असतो आणि तो वर्षभर चालतो. पानांचाही वापर होऊ लागला तेव्हा २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना ताकीद द्यावी लागली की मुळाचाच वापर करा. यकृताला इजा झाल्याची मोजकी पण नीट तपासलेली प्रकरणे आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये नोंदली गेली. आस्कंदाने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते. म्हणून थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्याने तो आपल्या मनाने सुरू करू नये. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. गरोदरपणात तो टाळावा.

दुसरा आक्षेप: दुष्परिणाम तर ॲलोपॅथीच्या औषधांचेही असतात, मग वनस्पतींवरच डोळा का? असतात, आणि ते भयंकरही असतात. पण आजचा धनगर, शिक्षक किंवा व्यापारी यांपैकी कोणीही केवळ वनस्पतींवर राहत नाही. बलवर्धक पुडी ज्या पोटात जाते त्याच पोटात मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळीही जाते. ग्लिमेपिराइडवर असलेला मधुमेही जांभूळबी, मेथी, कारले आणि गुळवेल एकत्र घेतो तेव्हा साखर उतरवणाऱ्या चार-पाच गोष्टी एकावर एक चढतात, आणि उपाशीपोटी शेतात चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. दोन पद्धती नकळत जोडल्याची किंमत जपानने चुकवली आहे. जिन्सेंग आणि ज्येष्ठमध असलेला 'शोसाइकोतो' हा काढा यकृताच्या रुग्णांना तिथे मोठ्या प्रमाणावर दिला जाई. इंटरफेरॉन या ॲलोपॅथीच्या औषधाबरोबर तो दिल्याने फुप्फुसाला सूज येण्याचा धोका दिसल्यावर १९९४ मध्ये ही जोडी वर्ज्य ठरली, आणि मार्च १९९६ मध्ये सरकारने जाहीर केले की त्यानंतरच्या दोन वर्षांत या काढ्याने फुप्फुसाला सूज आलेल्या ८८ रुग्णांची नोंद झाली असून त्यांतले १० दगावले आहेत. हा आकडा जपानला मिळाला, कारण तिथे काढाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि त्याच्या परिणामाची नोंद होते.

आणि तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत खरा वाटतो: खेड्यातला माणूस दर पुडीसाठी वैद्याकडे कसा जाणार? अवर्षणप्रवण आठ तालुक्यांचा हा जिल्हा; नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या चार जिल्ह्यांची नावे आली त्यांत धाराशिवचे एक. एका दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला जाणे सोपे नाही, हे मान्य. पण धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, ही इथली मोठी सोय आहे, कारण वनस्पती ओळखणारे आणि रुग्ण तपासणारे लोक तिथे एका आवारात भेटतात. मात्र लेबलावर विसंबून भागत नाही. औषध कायद्याच्या अनुसूची ई(१) मधल्या विषारी द्रव्यांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना बंधनकारक आहे. बचनाग, जमालगोटा त्यात आहेत. आस्कंद, गुळवेल, ज्येष्ठमध ही विषे नव्हेत, म्हणून त्यांच्यासाठी तशी सूचनाही नाही. त्यामुळे बेरीज करण्याचे काम घेणाऱ्याच्याच पदरी येते.

तेव्हा घरात चालू असलेली सगळी औषधे, पुड्या, बाटल्या, गोळ्या आणि चहात घातला जाणारा मसालासुद्धा एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. नवे बलवर्धक सुरू करायचे असेल तर एका वेळी एकच, आणि ते किती आठवड्यांनी थांबवायचे हे आधी विचारून. ताप असेल, कावीळ होऊन गेली असेल, घरातली बाई गरोदर असेल, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी किंवा फेफऱ्याची गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय अजिबात नको. लघवी गडद पिवळी झाली, भूक एकदम गेली, अंगाला खाज सुटली किंवा पायांवर सूज आली, तर सगळ्या पुड्या त्याच दिवशी बंद करा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. पुडी फेकू नका. ती तशीच घेऊन दवाखान्यात जा, म्हणजे आत काय होते ते तपासता येईल.